दुर्बीण : भांडवल थोडे, सबुरी मोठी

रमजानचा, ईदचा चंद्र पाहण्यासाठी मगरिबच्या वेळी गच्चीवर गर्दी करणारा समाज आपलाच. आपल्या नमाजच्या वेळा सूर्यावर आणि महिने चंद्रावर चालतात. तरीही मोहल्ल्यात दुर्बीण असलेले घर शोधू गेल्यास मिळणे कठीण. विचारले तर उत्तर ठरलेले, "ते श्रीमंतांचे आणि प्रोफेसर लोकांचे काम." पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात हे उत्तर ऐकले की नवल वाटते. येथे मोटारीचे सुटे भाग मायक्रॉनच्या हिशेबाने तयार होतात. त्या हातांना दुर्बीण अवघड का वाटावी?

आकाश पाहण्याचे सामान एका दिवसात विकत आणण्याची वस्तू नाही. ते दुकानासारखे उभे करावे लागते. आधी थोडा माल, मग अनुभव, मग वाढ. उधारीवर सजावट करणारे दुकान टिकत नाही, आणि हे सामानही टिकत नाही.

डब्यावरचा आकडा

पहिली चूक मी स्वतः केली, म्हणून सांगतो. मी कापडाचा व्यापारी. धागे मोजायच्या भिंगाखाली पोत पाहिल्याशिवाय ठाण घेत नाही. पण दुर्बीण घेताना डब्यावर छापलेले "६७५ पट" एवढेच वाचले आणि पैसे मोजले. घरी आणून पाहिले तर चंद्र म्हणजे पाण्यात हलणारा दिवा. तिवई इतकी हलकी की श्वास घेतला तरी चित्र थरथरावे.

नंतर नियम कळला. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितके मिलीमीटर, त्याच्या साधारण दुप्पट मोठेपणा उपयोगी पडतो. माझे भिंग ६० मिलीमीटरचे, म्हणजे १२० पट ही त्याची हद्द. पुढचे सगळे आकडे फक्त लेबल. दुर्बिणीची खरी किंमत पट वाढवण्यात नसते, ती प्रकाश गोळा करण्यात आणि स्थिर उभे राहण्यात असते. ग्राहकाने आधी व्यास विचारावा, मग तिवई हलवून पाहावी आणि भाव शेवटी विचारावा.

पहिली पायरी : द्विनेत्री

सुरुवात १० बाय ५० च्या द्विनेत्रीने करावी. दहा हा मोठेपणा आणि ५० मिलीमीटर हा पुढच्या भिंगाचा व्यास. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलीमीटर उघडते. त्या मानाने ५० मिलीमीटरचे भिंग सुमारे ५० पट प्रकाश घेते. भिंतीला टेकून, कोपर स्थिर ठेवून पाहिले तर चंद्रावरचे खड्डे आणि गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. सुरैया हे नाव आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तो तारकापुंज, ज्याला मराठीत कृत्तिका म्हणतात, आकाशात कोठे असतो हे मला पन्नाशीत द्विनेत्रीतून कळले. अल्डेबरन, रायजेल, अल्टेअर, व्हेगा, डेनेब ही ताऱ्यांची नावे सारी दुनिया वापरते. ती अरबीतून आलेली आहेत. नावे आपल्या ओळखीची राहिली, ओळख मात्र तुटली.

नवा चंद्र शोधतानाही द्विनेत्रीची मदत होते. पण खबरदारी घ्यावी. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय तिकडे द्विनेत्री किंवा दुर्बीण कधीही रोखू नये. एका क्षणात नजर कायमची जाऊ शकते. मुलांच्या हाती देताना हे पहिले सांगावे.

दुसरी पायरी : दुसऱ्याचा माल पाहणे

व्यापारी खरेदीपूर्वी चार पेढ्या फिरतो. येथेही तसेच करावे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून आहे. डॉ. जयंत नारळीकर ज्या आयुकाचे संस्थापक संचालक होते, ती संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. चिंचवडमध्ये २०१३ पासून सायन्स पार्क आहे. आकाशदर्शनाला एकदा जाऊन चार प्रकारच्या दुर्बिणींतून डोळा लावावा. मग पैसे कोठे घालायचे हे आपोआप कळते.

कारखान्यांच्या दिव्यांमुळे आपल्या पट्ट्यात तारे कमी दिसतात, हे खरे आहे. पण चंद्र आणि ग्रहांना त्याचा अडथळा फारसा होत नाही. शनीचे कडे पिंपरीच्या गच्चीवरूनही दिसते. अंधुक तारकापुंजांसाठी नाशिक रस्त्याने चाकणच्या पुढे, राजगुरुनगरपलीकडे जावे. त्याच रस्त्याला नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. जगभरचे शास्त्रज्ञ ज्या रस्त्याने येतात, त्याच रस्त्याने आपला टेम्पो रोज जातो.

तिसरी पायरी : आरसा हाताने

वर्षभर द्विनेत्री वापरल्यावरही ओढ कायम राहिली, तरच ६ इंची आरशाची दुर्बीण हाती घ्यावी. ६० मिलीमीटरच्या भिंगापेक्षा ती सहापटीहून अधिक प्रकाश घेते. आरसा तयार मिळतो, पण हाताने घासून करणाऱ्याला जे शिक्षण मिळते ते पैशाने मिळत नाही.

रीत अशी आहे. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या. एक खाली, एक वर. मध्ये कार्बोरंडमची पावडर आणि पाणी. वरची चकती पुढे-मागे घासत आणि फिरवत राहायचे. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. आधी ८० नंबरची जाड पावडर, मग १२०, २२०, ४०० आणि त्याहून बारीक. नंबर बदलताना सर्व काही धुऊन घ्यावे. जाड पावडरचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो आणि मेहनत मातीत जाते. काम ओलेच ठेवावे, म्हणजे काचेची धूळ छातीत जात नाही. शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश करायचे.

१२०० मिलीमीटर नाभीअंतराच्या ६ इंची आरशाची मधली खोली जेमतेम सव्वा मिलीमीटर असते. पण पृष्ठभागातील चूक मायक्रॉनच्या साधारण चौदाव्या भागापेक्षा जास्त चालत नाही. अशी चूक पकडायला महागडे यंत्र लागत नाही. फ्रान्सच्या लिओं फुको यांनी १८५८ मध्ये शोधलेली पद्धत आजही चालते. बारीक छिद्रातून येणारा दिव्याचा प्रकाश आणि ब्लेडची धार एवढ्यावर आरशाचे दोष सावलीत दिसतात. ॲल्युमिनियमचा मुलामा मात्र निर्वात यंत्रात द्यावा लागतो. ते काम बाहेरून करून घ्यावे.

बाकी सारे आपल्या गल्लीत

आरसा धरणारी बैठक, छोट्या तिरप्या आरशाचा आधार, आयपीस पुढे-मागे करणारी नळी ही लेथवरची आणि फिटरची कामे आहेत. आयपीसच्या नळीचे माप सव्वा इंच पाळावे, म्हणजे बाजारातला कोणताही आयपीस बसतो. आयपीस म्हणजे तरी काय? माझ्या धागे मोजायच्या भिंगाचाच मोठा भाऊ. आरसा चित्र तयार करतो, आयपीस ते जवळून दाखवतो. २५ मिलीमीटरचा एक आणि १० मिलीमीटरचा एक, असे दोन पुरेत. १२०० च्या आरशावर ते ४८ आणि १२० पट देतात. नळीच्या आत काळी मखमल चिकटवावी. ती आडवा-तिडवा प्रकाश गिळते. एवढे काम कापडवाल्याच्या वाट्याचे.

स्टँड सुतार करील. अमेरिकेतील जॉन डॉबसन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठात साधू असताना टाकाऊ काचांपासून आरसे घासत. पुढे त्यांची साधी रचना जगभर चालली : प्लायवूडची पेटी, सनमायकाचा पृष्ठभाग आणि खाली टेफ्लॉनचे तुकडे. बोटाने ढकलली की सरकते, सोडली की थांबते. मोटार, कॅमेरा, संगणक ही चौथी पायरी. ती पाच वर्षांनी चढली तरी काही बिघडत नाही.

दोन उदाहरणे

सोळाव्या-सतराव्या शतकात लाहोरच्या उस्ताद अल्लाहदाद यांच्या घराण्याने चार पिढ्या उस्तुरलाब घडवले. पणतू जियाउद्दीन मुहम्मद यांच्यापर्यंत हा हुनर चालत आला. त्यांचे सांधा नसलेले धातूचे खगोल मेणाच्या साच्यात एकसंध ओतलेले असत. फाउंड्रीत काम करणाऱ्याला त्यातील कसब लगेच कळेल. आज त्या वस्तू जगातील संग्रहालयांत आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीच्या आधारे १८८८ मध्ये पुण्यात वेधशाळा उभारली. ग्रब कंपनीची तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

लाहोरचे घराणे चार पिढ्या चालले, कारण प्रत्येक उस्तादाच्या शेजारी मुलगा बसलेला होता. पुण्यात यंत्र उत्तम होते, माणूसही थोर होता, पण माणूस उठताच यंत्रालाही गाव सोडावे लागले. हिशेबाच्या वहीत दुर्बीण, आयपीस, स्टँड सारे लिहिता येते. शागिर्द लिहिता येत नाही. आणि खरे भांडवल तोच आहे.

या धंद्यावर घर चालेल असे मी म्हणत नाही. बाजार लहान आहे. नोकरी सोडून यात पडण्याचा मशविरा मी कोणालाही देणार नाही. पण ज्या लेथवर आठवड्यातून एक तास मोकळा आहे, ज्या सुताराकडे प्लायवूडचे तुकडे पडून आहेत, त्यांनी मिळून मोहल्ल्यासाठी एक दुर्बीण करावी. ती मदरशात किंवा शाळेत ठेवावी आणि घासायच्या चकतीवर एका तरी मुलाचा हात ठेवावा.

२ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी जेद्दा आणि मक्का शरीफवरून जाणार आहे. आपल्याकडे ते सायंकाळी खंडग्रास दिसेल. सुरक्षित फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवूनच ते पाहावे. त्या दिवशी ग्रहणाची नमाज झाल्यावर मोहल्ल्यातील मुले आपल्याच कारागिरांनी केलेल्या दुर्बिणीपाशी रांगेत उभी असावीत, एवढी इच्छा आहे. आज काच आणली तर तोवर आरसा तयार होईल, इन्शाअल्लाह.