मार सोसणाऱ्या 100 जणींपैकी 77 गप्प

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) हिंसा सोसलेल्या बायकांना विचारलं गेलं, मदत कुणाकडे मागितली? देशभरातल्या अशा 100 जणींपैकी 77 जणींनी मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागितली 14 जणींनी, त्याही बहुतेक माहेरी. पोलिसांपर्यंत पोचली जेमतेम एक. बाकीच्यांचा निकाल घरात, शेजारी, वस्तीतच लागतो.

महाराष्ट्रात नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या विवाहित स्त्रिया आधीच्या फेरीत 21.3 टक्के होत्या, या फेरीत 25.2 टक्के झाल्या. देशाचा आकडा याच काळात 31.2 वरून 29.3 वर उतरला. आपण उलट्या दिशेने चाललो आहोत, आणि याची चर्चा फारशी होत नाही.

जात धरून पाहिलं तर दरी आणखी उघडी पडते. 2005-06 च्या फेरीत वयाच्या पंधराव्या वर्षानंतर कधीतरी मार खाल्लेल्या स्त्रिया अनुसूचित जातींत 41.7 टक्के होत्या. मागास प्रवर्गांबाहेरच्या स्त्रियांत 26.8. अमेरिकेतल्या 2010 च्या सर्वेक्षणात जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया 43.7 टक्के आणि गोऱ्या 34.6 टक्के निघाल्या. मोजमाप वेगळं आहे, म्हणून आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. कोंडी मात्र ओळखीची आहे. ज्या पोलिसांनी आपल्या माणसांना कधी धड वागवलं नाही, त्यांच्याच हाती नवऱ्याला कसं द्यायचं? वर ‘समाजाची बदनामी होईल’ हा दबाव. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीवरून नाव घेतलेली दलित पँथर 1972 मध्ये उभी राहिली. घरातल्या माराचा प्रश्न तिथेही बायकांनाच लावून धरावा लागला. खरं तर जुलै 1942 मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम होऊ नये. त्यामुळे तक्रार करणारी बाई चळवळीशी गद्दारी करत नाही, चळवळीचंच काम पुढे नेते.

वस्तीने मध्ये पडावं, पण कुणाच्या बाजूने? 2007 मध्ये राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावांना बक्षिसं मिळू लागली. घरातली मारहाण ‘तंटा’ म्हणून मिटवली, तर गावाच्या नावावर एक तंटा कमी होतो आणि बाई त्याच घरात परत जाते. याउलट 1984 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि पोलिसांनी सुरू केलेल्या विशेष कक्षात प्रशिक्षित कार्यकर्ती आधी बाईचं ऐकते, तिची सुरक्षितता पाहते, मग बोलणी. बचत गटाने आणि बौद्ध विहारातल्या महिला मंडळाने हाच क्रम उचलायला हवा.

दारूचा आकडाही वस्तीच्या हातातला आहे. 2019-21 च्या फेरीत दिसलं, नवरा वारंवार दारूच्या नशेत असणाऱ्या बायकांपैकी 70 टक्के हिंसा सोसतात. न पिणाऱ्यांच्या घरी 23 टक्के. महाराष्ट्रात बायका मतदानाने ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद पाडू शकतात.

आणि या गप्प बसण्याला लवकरच्या लग्नाचीही जोड आहे. त्याच फेरीत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या 35.8 टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, राज्यात 21.9 टक्के. सोळाव्या वर्षी सासरी गेलेल्या मुलीचं शिक्षण अर्धवट, कमाई स्वतःची नाही, बोलायला आपलं माणूस नाही. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामपंचायत अधिकारीच (पूर्वीचा ग्रामसेवक) असतो. लग्नाची तारीख त्याच्याआधी शेजाऱ्यांना कळते, आणि मुलांसाठीच्या 1098 या मदतक्रमांकावर फोन कुणीही करू शकतं.