राणी निघाली राजा!

कोंबडीचं पिल्लू गोंडस असतं, मान्य! पण घरी आणण्याआधी तो 'तो' आहे की 'ती', हे कसं ओळखायचं?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर स्टेशनबाहेर एका टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं चिवचिवत होती. मी आणि माझी रूममेट एकदम फिदा! दोन पिल्लं उचलली. गुलाबी ती 'राणी' आणि हिरवा तो 'राजा'. आमचं संशोधन तिथेच संपलं.

राजा तिसऱ्याच दिवशी गेला. राणी मात्र जगली. रंग उडाला, पांढरी पिसं फुटली आणि आम्ही दोघी घरच्या अंड्यांच्या हाफफ्रायची स्वप्नं बघायला लागलो. दोनेक महिने झाले असतील. एका पहाटे बाल्कनीतून घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. राणी आजारी पडली की काय! घाबरून आवाज रेकॉर्ड केला आणि गावी मावशीला पाठवला. तिचा लगेच फोन. हसू आवरत म्हणाली, "अगं येडे, तो आरवायला शिकतोय!"

आठ दिवसांत सोसायटीची नोटीस दारावर. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात ना, आमचं तर अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जात होतं!

मावशीचा क्लास

मावशीच्या अंगणात कायम दहा-बारा कोंबड्या. तिने फोटो मागवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुरा दिसला नाही तुला?" पिल्लू महिना-सव्वा महिन्याचं झालं की नराचा तुरा मोठा आणि लालसर व्हायला लागतो. त्याच वयाच्या मादीचा तुरा तेव्हा छोटा आणि फिकट असतो. नराचे पायही जाड असतात आणि तो उभा राहतो छाती काढून. फक्त एक अट. तुलना एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पिल्लांची करायची. आमच्याकडे तर एकच पिल्लू, मग तुलना करणार कुणाशी?

त्यातही जातीप्रमाणे नियम बदलतात. कडकनाथचा तुराही काळपट, तिथे लाल रंग शोधत बसलात तर फसलात! अशा वेळी पिसांकडे बघायचं. साधारण तीन महिन्यांनंतर नराच्या मानेवर आणि शेपटीच्या अलीकडे, पाठीवर, लांब, टोकदार, चमकदार पिसं येतात. मादीची तीच पिसं गोलसर टोकाची राहतात. मावशीच्या मते हीच सगळ्यात पक्की खूण. बाकी टोकदार अंड्यातून नर निघतो वगैरे गोष्टी गप्पांपुरत्या ठीक. कोंबड्यांमध्ये नर की मादी हे आईकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, अंड्याच्या आकारावर नाही.

अंड्यावर न आलेल्या तरुण मादीला गावाकडे 'तलंग' म्हणतात. आपल्या राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची तलंगांचे गट वाटायची योजनाच आहे. एका गटात २५ माद्या आणि नर फक्त ३. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका दिवसाचं पिल्लू

पण अंड्यांच्या धंद्यात महिनाभर थांबायला वेळ कुणाला आहे? तिथे पहिल्याच दिवशी निकाल हवा. १९२०च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांच्या संशोधनातून एक युक्ती पुढे आली. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची शेपटीखालची जागा हलकेच उघडायची आणि आतला बारीकसा उंचवटा बघायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण काही माद्यांमध्येही तो थोडाफार दिसतो. म्हणून नजर तयार व्हायला भरपूर सराव लागतो. मुरलेले लोक तासाला हजाराच्या आसपास पिल्लं वेगळी करतात. घरी हा प्रयोग अजिबात नको, पिल्लाला इजा होते.

दुसरी पद्धत पंखांची. काही खास संकरांमध्ये मादी पिल्लाच्या पंखाची मुख्य पिसं वरच्या आच्छादक पिसांपेक्षा लांब असतात, नराची सारखी किंवा आखूड. पण तसा संकर मुद्दाम केलेला असेल तरच हे चालतं. गावठी पिल्लांना हा फंडा लागू नाही.

मग टोपलीतलं पिल्लू कुठलं?

इथे माझा चेहरा उतरला. अंड्यांसाठी पाळतात त्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठी पाळायचा तर अंग धरत नाही. म्हणजे धंद्याच्या हिशेबात शून्य. म्हणूनच जगभरातल्या हॅचऱ्यांमध्ये असे नर पहिल्याच दिवशी मारले जातात. त्यातलेच काही रंगात बुडवून टोपलीत येतात. म्हणजे रंगीत पिल्लू घेतलं तर ते बहुतेक वेळा 'तो'च असणार. आम्ही नाव ठेवण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी त्याला ओळखून बाजूला काढलं होतं.

जर्मनीने २०२२च्या सुरुवातीपासून अशी पिल्लं मारायला बंदी घातली. आता अंड्यातच नर-मादी ओळखायची यंत्रंही आली आहेत. नर असेल तर ते अंडं उबवणं मध्येच थांबवतात.

आमची राणी शेवटी एसटीने मावशीकडे गेली. म्हणजे गेला. मावशीकडे एक कोंबडा आधीच होता, दुसरा तिला नको होता. तिने याला हातात तोलून बघितलं. "रश्शापुरतंही मांस नाही गं याच्यावर," म्हणाली आणि खुराड्यात सोडून दिला. ज्या कारणाने तो टोपलीत आला, त्याच कारणाने इथे वाचला!

आता फोनवर मी त्याची चौकशी करते तेव्हा मावशी काही बोलत नाही, फोन अंगणाकडे धरते. आवाज सॉलिड सुधारलाय.

स्टेशनबाहेरची टोपली अजून तिथेच असते. आम्ही आता घेत नाही.