अकाली वार्धक्यातील पेशी आणि डीएनएचे घाव

वर्नर सिंड्रोम हा अकाली वार्धक्याचा आनुवंशिक आजार. ओटो वर्नर या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याने १९०४ साली प्रबंधात त्याचे वर्णन केले. या रुग्णांची उंची किशोरवयात झपाट्याने वाढत नाही. विशीत केस पिकतात, तिशीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होतो, मागोमाग मधुमेह आणि हाडांची झीज. बहुतेकांचा मृत्यू पन्नाशीत, कर्करोगाने किंवा हृदयविकाराने होतो.

दोष आठव्या गुणसूत्रावरील डब्ल्यूआरएन जनुकात असल्याचे १९९६ मध्ये उघड झाले. आई-वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो. या जनुकाचे प्रथिन डीएनएचे पेड उलगडते, त्यांची टोके कुरतडून साफही करते. डीएनएची नक्कल होताना वाट अडली, की त्याची खरी गरज लागते.

रुग्णाच्या त्वचेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, तर त्यांचे विभाजन फार लवकर थांबते. पण म्हणून त्या सरसकट नाजूक ठरत नाहीत. अतिनील किरण त्या जवळपास निरोगी पेशींइतकेच सोसतात; कॅम्पटोथेसिन या द्रव्याने मात्र जास्त मरतात. डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज हे विकर एक पेड क्षणभर कापून पुन्हा सांधते. कॅम्पटोथेसिन त्याला कापलेल्या जागीच अडकवते. नक्कल करणारी यंत्रणा तिथे धडकली, की दोन्ही पेड तुटतात. (सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात हेच द्रव्य असते आणि त्यापायीच ते झाड तोडीला बळी पडले.) दोन पेड एकमेकांना जखडणारे मायटोमायसिनही या पेशींना जड जाते.

कॉकेन सिंड्रोम या अकाली वार्धक्याच्या दुसऱ्या आजारात चित्र उलटे. तिथे अतिनील किरणच घातक ठरतात. जनुक वाचणारी यंत्रणा घावापाशी अडकून पडते आणि आरएनएची निर्मिती पूर्ववत होत नाही. निदानाची चाचणी याच खुणेवर आधारलेली आहे. तरीही या रुग्णांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढत नाही, ही बाब चक्रावणारी आहे.

प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या आणखी एका आजारात तर डीएनए-दुरुस्तीचे एकही प्रथिन मुळात बिघडलेले नसते. सदोष लॅमिन-ए या प्रथिनामुळे केंद्रकाचे आवरण वेडेवाकडे होते आणि दुरुस्तीची प्रथिने घावापाशी उशिरा पोचतात.

वर्नरच्या प्रथिनाकडे आता कर्करोगतज्ज्ञही वळले आहेत. डीएनएच्या नकलेतील चुका सुधारण्याची यंत्रणा बंद पडलेल्या काही गाठी याच प्रथिनावर तगून असतात, असे २०१९ मध्ये आढळले. ते रोखणाऱ्या औषधांच्या रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या आहेत.