कॉफी आणि श्रमलेले शरीर

मैदानांवर पहाटे धावणाऱ्या कित्येक तरुणांत अलीकडे एक समज रुजला आहे. धावणे संपताच पेलाभर काळी कॉफी घ्यावी, म्हणजे श्रमामुळे शरीरात माजलेले ऑक्सिडीकरण धुऊन निघते, असे ते एकमेकांना सांगतात. या समजुतीत अर्धे शास्त्र आहे, आणि म्हणूनच तिचे निरसन अवघड आहे.

स्नायूंना बळ मिळते ते प्राणवायूच्या साहाय्याने होणाऱ्या अन्नाच्या मंद ज्वलनातून. वेगाने धावणाऱ्या मनुष्याला विश्रांतीच्या मानाने दहापटींहून अधिक प्राणवायू लागतो. या धांदलीत काही रेणूंपाशी एखादा सुटा इलेक्ट्रॉन राहतो व ते आसपासच्या घटकांवर तुटून पडतात. चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसाच हा प्रकार. या ठिणग्यांना शास्त्रज्ञ मुक्त मूलके म्हणतात. दमून थकेपर्यंत धावडविलेल्या उंदरांच्या स्नायूंत त्यांचे प्रमाण दुपटी-तिपटीने वाढलेले १९८२ मध्ये अमेरिकन संशोधकांना आढळले. मात्र शरीर काही असहाय नसते. ठिणग्या विझविणारे एक विकर मॅक्कॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ मध्येच दाखवून दिले होते, आणि नित्य व्यायामाने अशा विकरांचे बळ वाढते.

आता कॉफीचा विचार. चिकमगळूरच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या बुंदांत क्लोरोजेनिक आम्ल नावाचे द्रव्य विपुल असते, व ते मुक्त मूलकांना निष्प्रभ करू शकते. भाजणी जितकी काळपट, तितके ते अधिक नष्ट होते. दरवळ मात्र त्याच भाजणीने येतो. तथापि काचनळीत जे घडते ते रक्तात त्याच प्रमाणात घडतेच असे नाही. व्यायामानंतरच्या कॉफीविषयी झालेले प्रयोग लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, या ठिणग्या विझवाव्यातच का? जर्मनीतील संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व त्याच्या जोडीला ई जीवनसत्त्व देण्यात आले. ज्यांनी ही जीवनसत्त्वे घेतली नाहीत, त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद व्यायामाने सुधारला. ज्यांनी घेतली, त्यांना तो लाभ झाला नाही. म्हणजे मुक्त मूलके हा निव्वळ उपद्रव नसून, ‘सज्ज हो’ असा पेशींना पोहोचणारा निरोपही आहे. पेलाभर कॉफीने तो निरोप बुडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण तो बुडावा म्हणून ती पिणे हा उफराटा व्यवहार होय.

मग खेळाडूला कॉफीचा उपयोग तरी कोणता? तो आहे, पण श्रमानंतर नव्हे, श्रमापूर्वी. कॉस्टिल यांच्या १९७८ मधील प्रयोगात सायकलपटूंना व्यायामाच्या तासभर आधी कॅफिनरहित कॉफी दिली, तेव्हा ते सुमारे ७५ मिनिटे टिकले; त्याच कॉफीत ३३० मिलिग्रॅम कॅफिन मिसळून दिली, तेव्हा सुमारे ९० मिनिटे. दोन्ही पेल्यांत कॉफी तीच होती. गुण आला तो कॅफिनचा. एके काळी ऑलिंपिक स्पर्धांत कॅफिनच्या अतिरेकी प्रमाणाला मनाई होती. ती २००४ मध्ये उठली. दक्षिणेत कॉफीत चिकोरी मिसळण्याचा रिवाज आहे. चिकोरीत कॅफिन नसते, हे तेथील खेळाडूने ध्यानी घेतलेले बरे.

सायंकाळी व्यायाम करणाऱ्यांनी तर श्रमानंतरच्या पेल्याविषयी विशेष जपले पाहिजे. शरीरातील निम्मे कॅफिन ओसरण्यास साधारणपणे पाच तास लागतात. सातला घेतलेल्या कॉफीतील निम्मे कॅफिन मध्यरात्रीही रक्तात असते, आणि श्रमलेल्या स्नायूंची डागडुजी व्हायची ती नेमकी त्या वेळच्या झोपेत.