सुपरमॅनचे वीजबिल

सुपरमॅन, स्पायडरमॅन यांच्या चित्रकथा वाचणाऱ्या मुलांना घरी आणि शाळेत एक वाक्य हमखास ऐकावे लागते : "हे सगळे अशास्त्रीय आहे, त्यापेक्षा अभ्यासाचे वाच." मी या चित्रकथांचा जुना चाहता आहे आणि माझे मत थोडे निराळे आहे. माणूस उडतो, भिंतीवर चढतो, हे अशास्त्रीय आहे यात वाद नाही. परंतु कल्पितकथेला एक थाप माफ असते. ती मारून झाल्यावर लेखक पुढचा हिशेब चोख ठेवतो, की पानोपानी नवी थाप मारतो, यावरून मी चांगली आणि वाईट चित्रकथा ओळखतो.

हिशेब कशाचा? ऊर्जेचा. भुसावळजवळच्या दीपनगरात राहणाऱ्याला ही सवय आपोआप लागते. आमच्या औष्णिक विद्युत केंद्रात कोळशाच्या वाघिणी येतात, तापीचे पाणी येते, तारांवाटे वीज बाहेर जाते आणि राख मागे उरते. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जा. तेवढ्यासाठी अर्धा ते पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो, आणि कोळशातल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक, एवढाच विजेत उतरतो. मग आकाशात उडणाऱ्या वीराचा कोळसा कोठे जळतो, हे विचारायला काय हरकत आहे?

प्रथम फ्लॅश घेऊ. हा जगातला सर्वांत वेगवान धावणारा. समजा, त्याचे वस्तुमान ७० किलोग्रॅम आहे आणि तो सेकंदाला एक किलोमीटर या वेगाने धावतो. त्याची गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, साडेतीन कोटी ज्यूल भरते. जवळजवळ दहा युनिटे! आहाराच्या भाषेत हे सुमारे ८,४०० किलोकॅलरी होतात. आपली कळण्याची भाकरी २०० किलोकॅलरीची धरली तर ४२ भाकऱ्या झाल्या. पण स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण चौथाईच कामात आणतात. म्हणजे एकदा धाव घ्यायला १६८ भाकऱ्या! भरीत वेगळे. थांबून पुन्हा धावायचे असेल तर पुन्हा तेवढ्याच.

१९८७ साली फ्लॅशची नवी मालिका सुरू झाली, तेव्हा माइक बॅरन या लेखकाने ही गोष्ट ध्यानात घेतली होती. त्याचा वॉली वेस्ट धावून आला की ढीगभर खातो आणि गाढ झोपतो. मला तो फार आवडला, कारण तो बिल भरत होता. पुढे १९९० नंतरच्या दशकात 'स्पीड फोर्स' नावाचा एक गूढ साठा कथेत आला आणि फ्लॅशची सगळी ऊर्जा तेथून येऊ लागली. कथा रंगतदार झाल्या हे खरे, पण माझ्या मते हिशेबाची वही त्याच दिवशी बंद झाली. घरातली वीज बटणातून येते असे म्हणण्यासारखेच हे झाले.

सुपरमॅनची गोष्ट अधिक मजेची आहे. १९३८ साली तो प्रथम अवतरला तेव्हा त्याला उडता येत नव्हते; तो उंच उड्या मारी. सीगल आणि शूस्टर या तरुण जोडीने त्याच्या ताकदीला मुंगीचा आणि टोळाचा दाखला दिला होता : मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते, मग परग्रहावरच्या माणसाने का उचलू नये? दाखला चुकीचा आहे, पण चूक शिकण्यासारखी आहे. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली तर वजन हजारपट होते. स्नायूचा आणि हाडाचा छेद मात्र शंभरपटच वाढतो. गॅलिलिओने १६३८ सालीच हे मांडले होते. माणसाएवढी मुंगी ओझे उचलणे दूरच, स्वतःच्या पायांवर धड उभी राहणार नाही.

नंतरच्या लेखकांनी सुपरमॅनला सूर्यावर चालवले. ही कल्पना मला मान्य आहे, कारण आपण खातो ती ज्वारी आणि दीपनगरात जळतो तो कोळसा, दोन्ही सूर्याचीच साठवण. भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट सूर्यशक्ती पडते. सुपरमॅन तासभर अंग पसरून उन्हात पडला आणि त्याने सगळी शोषली, तर एक युनिट जमेल. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण भुसावळच्या शेडमध्ये दिसणारे डब्ल्यूएजी-९ जातीचे विजेचे इंजिन १२३ टनांचे असते. एका युनिटात ते जवळजवळ तीन मीटर उचलता येईल! खानदेशातल्या वैशाखात तर त्याची चैनच.

अडचण निराळीच आहे. दोन्ही पावलांचे क्षेत्रफळ मिळून ४०० चौरस सेंटिमीटर धरा. इंजिनाचा भार त्यावर आला म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलोंहून अधिक झाले. आपली काळी माती जेमतेम एक-दोन किलो सुखाने पेलते. म्हणजे इंजिन वर जाण्याऐवजी सुपरमॅनच खिळ्यासारखा जमिनीत जाईल. चित्रकार हे कधीच काढत नाहीत. २०२४ साली सुरू झालेल्या 'ॲब्सोल्यूट सुपरमॅन' मालिकेतही मला ते दिसले नाही. मात्र ही मालिका मला आवडली, कारण तिच्यात तो कष्टकरी आईबापांचा मुलगा आहे आणि खाणकामगारांच्या बाजूने उभा राहतो. जमिनीखालून काही काढायचे तर त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न तरी तिने विचारला.

त्याच वर्षीच्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये पीटर पार्कर दोन मुलांचा बाप आहे. घरातले प्रसंग सुरेख आहेत. पण त्याचा पोशाख म्हणे 'पिकोतंत्रा'चा! पिको म्हणजे एकाचा दशलक्ष-दशलक्षावा भाग. साधा अणूच शंभर-दोनशे पिकोमीटर रुंद असतो. अणूहून लहान यंत्रे कशाची घडवायची? 'नॅनो' जुने झाले म्हणून पुढचा उपसर्ग उचलला, एवढेच. अशी शास्त्रीय शब्दांची फोडणी मला उघड जादूपेक्षा वाईट वाटते.

इलेक्ट्रो हा खलनायक मात्र आमच्या विशेष जिव्हाळ्याचा, कारण तो मुळात वायरमन. १९६४ सालच्या त्याच्या पहिल्या कथेत तो तारांवर काम करीत असताना वीज कोसळते आणि त्याच्या अंगात विद्युतशक्ती भरते. आकाशातली वीज म्हणजे अफाट ऊर्जा, असा सर्वांचा समज असतो. पण एका विजेची ऊर्जा साधारण एक अब्ज ज्यूल धरतात, म्हणजे २८० युनिटांच्या आसपास. दीपनगरचा ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर असताना एवढी वीज दोन सेकंदांत देतो! इलेक्ट्रोने आभाळाकडे पाहण्यापेक्षा आमच्या स्विचयार्डकडे पाहावे. (तुम्ही मात्र तिकडे फिरकू नका.)

आता आपल्याकडच्या वीरांकडे वळू. इंद्रजाल कॉमिक्सची मालिका मुंबईहून १९६४ ते १९९० या काळात निघाली आणि मराठीतही मिळे. तिच्यातला वेताळ म्हणजे मूळचा 'फँटम', आणि १९७६ साली आबिद सुरतींनी आणलेला बहादूर, या दोघांजवळ कोणतीही अमानुषी शक्ती नव्हती. त्यांचे वीजबिल शून्य. पुढे १९८७ साली अनुपम सिन्हा यांचा हिंदी 'सुपर कमांडो ध्रुव' आला. पशुपक्ष्यांची भाषा कळते, एवढी सूट सोडली तर हा मुलगा रसायने, आरसे, तरफा यांच्या बळावर लढे. दर अंकात एखादी युक्ती घरी करून पाहावीशी वाटे.

म्हणूनच २००४ साली आलेल्या भारतीय स्पायडरमॅनबद्दल माझी तक्रार आहे. पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईला आलेला मुलगा. धोतरासारखा पोशाख, मुंबईच्या इमारती, सगळे छान जमले आहे. पण १९६२ सालच्या मूळ कथेत पीटर पार्करला किरणोत्सारी कोळी चावतो तो कोठे? विज्ञान प्रदर्शनात. आणि पवित्रला शक्ती मिळते ती एका योग्याकडून! किरणोत्साराने कोणी भिंतीवर चढत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण न्यूयॉर्कच्या मुलाने प्रदर्शनाला जावे आणि मुंबईच्या मुलाने वरदानाची वाट पाहावी, ही वाटणी मला पटत नाही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याचे जनित्र मांडून दिवसभर उभी राहणारी मुले आपल्याकडे काय कमी आहेत?

माझ्या मते सर्वांत चोख हिशेब झाला तो १९७३ सालच्या स्पायडरमॅनच्या १२१व्या अंकात. खलनायक ग्रीन गॉब्लिन ग्वेन स्टेसी या मुलीला पुलाच्या मनोऱ्यावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळे फेकून तिला मध्येच पकडतो, आणि ती मेलेली असते. गॉब्लिन म्हणतो की एवढ्या उंचीवरून पडतानाच माणूस मरतो. हे खोटे आहे; हवाई छत्रीवाले याहून कितीतरी अधिक खाली येतात आणि जिवंत राहतात. मारतो तो झटका. पुढे अंकाच्या पत्रोत्तरांत संपादकांनीही हेच कारण दिले.

गणित करून पाहू. ग्वेन ९० मीटर खाली आली असे समजा. हवेचा विरोध सोडला तर तिचा वेग सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५० किलोमीटर झाला. जाळ्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवले, तर ५० किलोग्रॅमच्या मुलीवर सुमारे ४,७०० न्यूटन बल येते. जणू ४८० किलोंचे ओझे क्षणात अंगावर आले. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे घेतो, तो वेळ वाढवण्यासाठीच. वीर धावून आला, नेम अचूक लागला, तरी न्यूटनचा दुसरा नियम त्याच्यासाठी वाकला नाही. एका कोवळ्या मुलाची चूक आणि तिची किंमत लेखकाने लपवली नाही, म्हणून हा अंक इतक्या वर्षांनंतरही मनातून जात नाही.

ती वाचली असती का? जाळे रबरासारखे ताणले जाऊन थांबायला तीन सेकंद लागले असते, तर बल १,२०० न्यूटनांच्या आत आले असते. ते सोसण्याजोगे आहे. पण त्या तीन सेकंदांत ती आणखी ६३ मीटर खाली गेली असती, म्हणजे एकूण १५३ मीटर. कथेत नाव आहे जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचे. त्याचे मनोरे पाण्यापासून १८४ मीटर उंच आहेत, तेव्हा ती पाण्याच्या ३१ मीटर वर सुखरूप थांबली असती. गंमत अशी की चित्रातला पूल दिसतो ब्रुकलिनच्या पुलासारखा, आणि त्याचे मनोरे सुमारे ८४ मीटरच उंच आहेत. तेथे ९० मीटर पडायलाच जागा नाही. मग ब्रुकलिनच्या मनोऱ्यावरून ग्वेन किती मीटर पडेपर्यंत तिला वाचवता आले असते? सोसता येण्याजोगे बल १,२०० न्यूटन धरा, आणि उत्तर वहीत काढून शिक्षकांना दाखवा.