दुखत नाही, मग तपासायचं कशाला?

वालचंदनगरची कारखाना वसाहत असो, शेजारचं कळंब असो की जंक्शन-लासुर्ण्याकडची वस्ती, स्तनांच्या तपासणीचा विषय काढला की उत्तरं ठरलेली असतात. ‘मला काय धाड भरलीय?’ ‘ऊस जाऊ दे, मग बघू.’ ‘बारामतीला नेणार कोण?’ २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या जेमतेम ०.९ टक्के. त्याच देशात २०२२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या नव्या रुग्णांचा अंदाज होता सुमारे १ लाख ९२ हजार. सोयी तोकड्या आहेतच. पण सोय असते तिथेही पाय अडतो, आणि तो का अडतो याबद्दल आपले बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : बायका अडाणीपणामुळे येत नाहीत.

वस्तुस्थिती : शिकलेल्याही टाळतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी मोफत एक्स-रेची सोय लोकांच्या दारापर्यंत नेली, तरी बरेच जण फिरकले नाहीत. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला. त्यांच्या मते माणूस मनाशी चार प्रश्नांचा हिशेब मांडतो : हा आजार मला होईल का? झाला तर किती वाईट? तपासून फायदा काय? आणि त्यासाठी मला काय सोसावं लागेल? आपल्याकडे हा चौथा प्रश्नच जड जातो. रोज बुडतो, एसटीचं भाडं पडतं, सासूबाईंना काय सांगायचं ते सुचत नाही, शिवाय परक्यासमोर पदर बाजूला करायची लाज. पत्रकं वाटून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात. चौथा तसाच राहतो.

गैरसमज : गाठ दुखत नाही, म्हणजे साधीच असणार.

वस्तुस्थिती : स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. कामाच्या रगाड्यात बाईला दवाखान्यात जायची मुभा मिळते ती दुखणं असह्य झाल्यावरच. त्यामुळे न दुखणारी गाठ महिनोन् महिने झाकून राहते. नवी गाठ, कातडी ओढली जाणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ स्राव येणं, यांपैकी काही दिसलं तर शिबिराची वाट पाहू नये, थेट डॉक्टर गाठावा.

गैरसमज : तपासलं की कॅन्सरच निघणार. त्यापेक्षा न कळलेलं बरं.

वस्तुस्थिती : स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तपासणीला गेलेल्या बहुतेक जणी ‘काही नाही’ एवढंच ऐकून घरी येतात. तरी भीती खरी असते, कारण गावात जी उदाहरणं पाहिलेली असतात ती उशिरा पोचलेल्यांची. लवकर बऱ्या झालेल्या बायका त्याबद्दल बोलत नाहीत, म्हणून ‘कॅन्सर म्हणजे संपलं’ हाच समज टिकून राहतो.

नुसती भीती घालून काय होतं, ते मराठवाड्यातून उसाच्या फडांवर येणाऱ्या बायकांनी भोगलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ‘पिशवीचा कॅन्सर होईल’ असं घाबरवल्याचं अनेकींनी सांगितलं. म्हणजे तीच भीती एकीला नको त्या शस्त्रक्रियेकडे नेते आणि दुसरीला हव्या त्या तपासणीपासून पळवते.

खर्चाची धास्तीही यातच मिसळलेली असते. कॅन्सरवरच्या अनेक उपचारांचा समावेश महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे, हे तपासणीआधीच सांगितलं तर मन थोडं हलकं होतं.

गैरसमज : तपासणी म्हणजे मोठं मशीन आणि पुरुष डॉक्टर.

वस्तुस्थिती : पहिली तपासणी हातांनी होते. पडद्याआड आधी बसवून, हात वर करायला सांगून दोन्ही बाजू नीट पाहतात. मग आडवं झोपवून तीन बोटांच्या पेरांनी, गोल फिरवत, सगळा भाग चाचपतात आणि काखही बघतात. काही मिनिटांचं काम. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे.

हे काम बाईनं बाईसाठी करता येतं, हे मुंबईत सिद्ध झालं आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांवर स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी तपासायच्या. तपासलेल्या गटात पुढच्या टप्प्यावर सापडलेल्या रुग्ण ३७ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ४७ टक्के. एकूण मृत्यूंमधली घट ठाम म्हणावी एवढी नव्हती, पण पन्नाशी ओलांडलेल्यांत ती ३० टक्क्यांच्या आसपास दिसली.

गैरसमज : आमच्या घराण्यात कुणाला नाही.

वस्तुस्थिती : आनुवंशिक कारण साधारण ५ ते १० टक्के रुग्णांतच सापडतं. बाकीच्यांत वाढतं वय हेच मोठं कारण. ‘देवाधर्माचं करते, मला कसा होईल?’ हा दिलासा समजण्यासारखा आहे, पण पेशींना तो कळत नाही.

गैरसमज : सुई टोचली की गाठ चिडते आणि पसरते.

वस्तुस्थिती : सुईनं नमुना घेतल्यामुळे कॅन्सर शरीरभर पसरत नाही. उशिरा आलेल्या रुग्णाला नमुना घेतल्यावर पसरल्याचं कळतं, आणि दोष सुईवर येतो.

गैरसमज : मी स्वतः चाचपते, तेवढं पुरे.

वस्तुस्थिती : आपलं शरीर ओळखीचं असणं चांगलंच. पण शांघायच्या कापड कारखान्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांच्या अभ्यासात स्वतः तपासायला शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत. प्रशिक्षित हातांची जागा त्यानं भरून निघत नाही.

गैरसमज : मनात असेल तर बाई जाईलच.

वस्तुस्थिती : मनात असूनही राहून जातं. ब्रिटनमधल्या १९९७ च्या एका प्रयोगात स्वयंतपासणी कधी आणि कुठे करणार हे लिहून काढलेल्या तरुणींपैकी, न लिहिलेल्यांच्या तुलनेत, कितीतरी जास्त जणींनी ती खरोखर केली. म्हणून आशाताईंनी ‘तपासून घ्या हं’ म्हणण्यापेक्षा ‘कुठल्या वारी येता, सोबत कोण, घरी मी बोलू का?’ असं विचारावं. भिशीतल्या किंवा बचत गटातल्या चौघींनी एकच दिवस ठरवला, तर लाज वाटून घेतली जाते आणि एकटीला घरी परवानगी मागावी लागत नाही. नवऱ्यानं त्या दिवशीची धार आणि स्वयंपाक अंगावर घेतला, तर चौथ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर घरातच मिळतं.