अपंगत्वानंतरचा विमा-व्यवसाय

विमा-एजंट समोरून येताना दिसला की ओळखीचा माणूस रस्ता ओलांडून पलीकडे जातो, हा विनोद आपल्याकडे जुना आहे. तो आम्ही आधीच सांगून टाकतो. कारण ज्या माणसाविषयी येथे बोलावयाचे आहे, त्याला रस्ता ओलांडणाऱ्याच्या मागे धावता येत नाही. त्याचा पाय अपघातात गेला आहे, किंवा मणक्याच्या दुखण्याने त्याला तीन वर्षे अंथरुणाला खिळवून ठेवले आहे, किंवा अर्धांगवायूनंतर उजवा हात पूर्वीसारखा चालत नाही. वय पंचेचाळीस ते पन्नास. जुनी नोकरी सुटलेली, मुलांची शिक्षणे अर्ध्यावर. अशा वेळी कोणी तरी हितचिंतक म्हणतो, "अहो, तुम्ही एलआयसीची एजन्सी का घेत नाही? बसल्या जागी होण्यासारखे काम आहे."

ते बसल्या जागी होण्यासारखे नाही. तरीही सल्ला वाईट नाही, असे आमचे मत आहे. मात्र हितचिंतकाच्या मनात असलेली कारणे निराळी आणि खरी कारणे निराळी.

प्रथम हा प्रश्न कोणापुढे येतो ते पाहू. सरकारी सेवेत असताना ज्याला अपंगत्व येते त्याला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार आहे. त्याच्या विसाव्या कलमानुसार अशा कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर त्याच्यासाठी जादा पद निर्माण करावे लागते. खाजगी कारखान्यातल्या फिटरला, दुकानातल्या मुनिमाला किंवा स्वतःचा टेम्पो चालविणाऱ्याला या कलमाचा उपयोग नाही. शिवाय कायद्याचे बरेचसे लाभ शेकडा ४० किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असणाऱ्यांसाठी आहेत, आणि पाठीचे जुनाट दुखणे त्या मापात नेहमी बसतेच असे नाही. म्हणजे दाखला नाही आणि आठ तास उभे राहण्याची ताकदही नाही, अशा मधल्या अवस्थेत पुष्कळ माणसे अडकून पडतात.

विमा-व्यवसायाचे दार अशांना बंद नाही. १९३८ च्या विमा कायद्यात एजंटाच्या अपात्रता सांगितल्या आहेत. त्यांत अज्ञान वय आहे, न्यायालयाने ठरविलेली मनोविकलता आहे, अफरातफर व फसवणुकीसारखे गुन्हे आहेत. शरीराचे अपंगत्व नाही. दहावीपर्यंतचे शिक्षण, थोडे प्रशिक्षण आणि एक परीक्षा, एवढ्यावर नेमणूक होते. पन्नाशी ही तेथे अडचण नसून काहीशी सोयच आहे. वीस वर्षांच्या पोराजवळ मरणाची गोष्ट बोलायला लोक कचरतात. ज्याने संसार केला आहे त्याच्याजवळ बोलतात.

आपल्या गावोगावी हा धंदा मुख्यतः आयुर्विमा महामंडळामुळे पोचला. १९ जानेवारी १९५६ रोजी त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले, आणि १ सप्टेंबरला २४५ लहानमोठ्या संस्थांचे मिळून महामंडळ उभे राहिले. (संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर चिंतामणराव त्याआधीच, जुलैमध्ये, मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते.) २००० पासून खाजगी कंपन्याही आल्या. परंतु एजंटाच्या मिळकतीची मूळ रीत तीच राहिली, आणि आमच्या विषयाचा गाभा त्या रीतीत आहे.

पगार हा रोजच्या हजेरीचा मोबदला असतो. आज अंग उचलत नाही, तर आजचा पगार बुडाला. एजंटाचे कमिशन तसे नाही. पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर ते मोठे असते आणि पुढे विमेदार जोवर हप्ता भरतो तोवर दर हप्त्यावर थोडे थोडे मिळत राहते. हे दर कंपनीनुसार व योजनेनुसार बदलतात. समजुतीसाठी पहिल्या वर्षी शेकडा २५ आणि नंतर शेकडा ५ असे धरू. वर्षाला २०,००० रुपये हप्त्याचा एक विमा उतरविला, तर पहिल्या वर्षी ५,००० रुपये आणि पुढे दर वर्षी १,००० रुपये मिळतील. असे तीस विमे दर वर्षी, याप्रमाणे पाच वर्षे काम केले, तर दीडशे विमे होतात. सहाव्या वर्षी आपला माणूस आजारी पडला आणि त्याने एकही नवा विमा आणला नाही, तरी जुन्या विम्यांवर १,५०,००० रुपये येतील. म्हणजे महिना १२,५०० रुपये. ज्याच्या शरीराचा उद्याचा भरवसा नाही, त्याला अशी मिळकत दुसऱ्या कोणत्या धंद्यात मिळेल?

पण या हिशेबात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. दीडशेच्या दीडशे विमे चालू राहिले पाहिजेत. त्यांतले निम्मे बंद पडले तर १२,५०० चे ६,२५० होतात. आणि नेमक्या याच ठिकाणी अपंग एजंटाला इतरांपेक्षा मोठा धोका आहे.

तो धोका दयेचा. काठी टेकीत आलेल्या शेजाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. घरचा कर्ता म्हणतो, "घेतो हो एक पॉलिसी, तेवढाच तुम्हांला हातभार." पहिला हप्ता भरला जातो, कमिशन मिळते, चहा होतो. वर्षाने दुसऱ्या हप्त्याची आठवण येते तेव्हा दया आटलेली असते आणि शाळेची फी समोर असते. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. ती टळली की विमा बंद पडतो. विमेदाराचे पैसे बव्हंशी बुडतात, एजंटाचे पुढचे कमिशन जाते, आणि त्या घराचे दार पुन्हा सहज उघडत नाही. हातभार लावणारे नातलग व शेजारी मोजकेच असतात. दोन वर्षांत ते संपतात. तेव्हा अशा वेळी जरा धीटपणाने म्हणावे, "दादा, माझ्यासाठी नको. तुमच्यावर कोण अवलंबून आहे आणि कर्ज किती आहे ते आधी पाहू. गरज नसेल तर मीच नको म्हणेन." पहिल्या वर्षी असे बोलणे महाग पडते खरे. पण सहाव्या वर्षी जे १२,५०० यावयाचे आहेत, त्यांची पेरणी हीच.

दुसरा मोह कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला परत देण्याचा. "पहिला हप्ता तुम्हीच भरा" अशी मागणी आजही सर्रास होते. कायद्याच्या ४१ व्या कलमाने हे निषिद्ध आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दंड बाजूला ठेवला तरी ज्याची गंगाजळी आजारपणात आटली आहे त्याने या शर्यतीत उतरूच नये.

मग त्याच्यापाशी विकण्यासारखे खास असे काय आहे? तर विमा कोठे उपयोगी पडत नाही याचे ज्ञान! साधा आयुर्विमा मृत्यूनंतर पैसे देतो. माणूस जगला पण कमावता राहिला नाही, तर त्या विम्यातून त्याला मिळकत सुरू होत नाही, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते. त्यासाठी अपंगत्वाची जोड वेगळी घ्यावी लागते. महामंडळाच्या अशा जोडविम्यात अपघाताने संपूर्ण व कायमचे अपंगत्व आल्यास रक्कम दहा वर्षांत मासिक हप्त्यांनी मिळते. 'अपघाताने' हा शब्द येथे महत्त्वाचा. अर्धांगवायूने हात गेला तर ही जोड लागू होत नाही. त्याला गंभीर आजाराचा विमा निराळा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत २०२२ पासून वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूस किंवा संपूर्ण अपंगत्वास दोन लाख मिळतात. तीत एजंटाचा लाभ नाही. तरी ती आधी सांगावी, असे आम्हांला वाटते. ज्याने हे भोगले आहे त्याच्या तोंडून या बारकाव्यांना वजन येते. त्याने आपली हकीकत एवढ्याच कामापुरती सांगावी.

प्रस्तावाचा अर्ज भरतानाही हेच. मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, रक्तदाब लपवू नयेत. ४५ व्या कलमानुसार तीन वर्षांनंतर कंपनीला विमापत्राविषयी वाद घालता येत नाही. पण त्या तीन वर्षांत मृत्यू झाला आणि लपवाछपवी उघडी पडली, तर दावा नाकारला जाऊ शकतो. तेव्हा विधवेच्या समोर उभे राहावयाचे असते ते एजंटालाच.

आता थोडे व्यवहाराचे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे कोरडी जातात. तेवढ्या काळाचा घरखर्च कोठून येईल हे पत्नीशी बसून आधी ठरवावे. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान चालू असेल, तर त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. कमिशन सुरू झाल्यावर ते बंद होऊ शकते, म्हणून तहसील कचेरीत आधी विचारून घ्यावे. स्त्रियांसाठी महामंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये 'विमा सखी' योजना काढली. वय १८ ते ७०. ठरलेले काम केल्यास पहिल्या वर्षी महिना ७,०००, मग ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन. दुसऱ्या वर्षीचे विद्यावेतन मिळण्यास पहिल्या वर्षीच्या विम्यांपैकी शेकडा ६५ चालू असावे लागतात. आम्ही वर जो हिशेब मांडला, त्याला महामंडळाने स्वतःच दिलेला हा दुजोरा समजावयास हरकत नाही.

जिन्यांचे काय? अर्ज आता मोबाइलवरून भरता येतो, हप्ताही घरबसल्या जातो. पहिली भेट मात्र समोरासमोर व्हावी. तीन मजले चढवत नसतील तर गिऱ्हाइकाला देवळाच्या पारावर किंवा चहाच्या दुकानात भेटावे, त्यात संकोच कसला? दिवसातून दोनच भेटी ठेवाव्यात, आणि दुखणे बळावते ती वेळ ओळखून त्या वेळी फोन करावेत. एक वही ठेवावी. तीत प्रत्येक विम्याच्या हप्त्याची तारीख, नामनिर्देशन कोणाच्या नावे आहे ते, आणि घरात ते कागद कोठे ठेवले आहेत हे लिहावे. तारखेच्या आधी पंधरा दिवस एक फोन, सवलतीचे दिवस सुरू होताच दुसरा. हे काम अंथरुणावर पडूनही होते, आणि ज्या दिवशी उठवत नाही त्या दिवसासाठी ते राखून ठेवावे.